बॉक्सच्या मागचा हात

१

परीक्षित केसकर कुठेही जाण्याआधी तिथे कसं वागायचं याचा अभ्यास करून जायचा. लीड्सला आल्याआल्या त्याने रांगेत दोघांमध्ये किती अंतर ठेवायचं, पबमध्ये सगळ्यांच्या ड्रिंक्सचा आपला राउंड कधी घ्यायचा, बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं की नाही, हे सगळं इंटरनेटवरून वाचून काढलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये तो टेस्टर होता, म्हणजे चुका शोधणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. त्यामुळे आपली स्वतःची चूक कुणाला सापडावी हे त्याला जिवावर यायचं. शिवाय जन्माचा भिडस्त. कुणी काही पुढे केलं की नको म्हणायला त्याची जीभच उचलायची नाही.

"तू जन्माला येतानासुद्धा आधी एक्सक्यूज मी म्हणाला असशील," असं त्याची बायको स्वराली म्हणायची.

त्या नोव्हेंबरात त्यांचं प्रोजेक्ट संपलं आणि मॅनेजरने अख्ख्या टीमला एका कॅसिनोत दुपारचं जेवण आणि नंतर ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा जुगार अशी पार्टी दिली. झालं! परीक्षितने आठवडाभर रात्रीच्या जेवणानंतर डायनिंग टेबलवर ब्लॅकजॅक मांडला. स्वराली डीलर. तिला आठवा महिना लागला होता, त्यामुळे ती टेबलापासून बरीच लांब बसायची आणि पत्ते फेकायची. पैशांऐवजी लावायच्या चिप्स म्हणून बिस्किटं.

"पत्त्यांना हात लावायचा नाही," परीक्षित सांगायचा. "पत्ता हवा असेल तर बोटाने टेबलवर टकटक. नको असेल तर तळहात असा आडवा फिरवायचा. तोंडाने बोललेलं चालत नाही, वरच्या कॅमेऱ्याला हात दिसायला हवा."

"आणि पैसे?"

"कधीच हातात द्यायचे नाहीत. टेबलवर ठेवायचे, मग डीलर ते उचलणार. डीलरनेसुद्धा आपल्या हातात काही द्यायचं नाही."

"म्हणजे मिठासारखं," स्वराली म्हणाली. तिच्या आईने तिला कधी मीठ हातात दिलं नव्हतं. वाटी खाली ठेवायची, मग समोरच्याने उचलायची, नाहीतर भांडण होतं म्हणे. "कॅसिनोत सगळंच मीठ!"

दोघं खूप हसली. मग तिला आईची आठवण आली. तिची आई नागपूरला खुब्याचं हाड मोडून पडली होती, त्यामुळे बाळंतपणाला इथे कुणी येणार नव्हतं. स्वरालीला हॉस्पिटलची भीती वाटायची, आणि ती भीती ती लपवत नसे.

"परी, लेबर रूममध्ये तूच असणार आहेस ना? मला अनोळखी लोकांत एकटीला नाही जमणार. माझा हात तूच धरायचास. दुसरं कोणी नाही."

"मीच असेन," तो म्हणाला. "प्रॉमिस."

२

कॅसिनोला खिडक्या नव्हत्या. बाहेर दुपारचा पाऊस भुरभुरत होता, आत मात्र दिवस की रात्र काही कळत नव्हतं. गालिचा इतका जाड होता की कुणी चालत आलं तरी पावलं ऐकू येत नसत. ऑफिसातले बाकीचे रूलेटच्या चाकाभोवती गोळा झाले. परीक्षित ब्लॅकजॅकच्या टेबलवर शेवटच्या जागेवर बसला. प्रत्येक खेळणाऱ्यापुढे हिरव्या कापडावर एक चौकोन आखलेला असतो, त्याला तिथे बॉक्स म्हणतात. आपली चिप त्या बॉक्समध्ये ठेवायची.

डीलर लिंझी नावाची लालसर केसांची मुलगी होती. तिचा चेहरा कंटाळलेला आणि हात मात्र भराभर चालणारे. ती पहिला पत्ता वाटणार एवढ्यात परीक्षितच्या उजव्या खांद्यावरून एक हात पुढे आला आणि त्याच्या चिपच्या मागे, त्याच्याच बॉक्समध्ये, एक चिप ठेवून गेला.

परीक्षित दचकला नाही. हेही त्याने वाचलं होतं. इथे उभ्या माणसाला बसलेल्याच्या बॉक्सवर आपली चिप लावता येते. डाव मात्र बसलेलाच खेळतो. पत्ता घ्यायचा की थांबायचं हे तोच ठरवतो, आणि मागच्याने तोंडातून अवाक्षर काढायचं नसतं. बसलेल्यानेही मागे वळून कोण आहे ते बघत बसायचं नसतं. ते असभ्य दिसतं.

म्हणून त्याने बघितलं नाही. फक्त हात तेवढा दिसला होता. म्हाताऱ्या माणसाचा, त्याच्यासारखाच गव्हाळ, काळ्या कोटाच्या बाहीतला. पहिल्या बोटाचं नख मधोमध उभं चिरलेलं. आपल्याकडचं कुणीतरी दिसतंय, असं त्याच्या मनात आलं, आणि उगीचच बरं वाटलं.

तो डाव तो जिंकला. लिंझीने त्याच्या चिपशेजारी एक चिप ठेवली. मागच्या चिपसमोर तिने काहीच ठेवलं नाही. नुसतं त्याच्या खांद्यावरून वर बघून मान हलवली, आणि तो हात येऊन आपली चिप घेऊन गेला. पुढच्या डावाला पुन्हा आला. त्याच्या पुढच्यालाही. परीक्षित जिंकतच राहिला, आणि दर वेळी लिंझी मागच्याला काही न देता फक्त मान हलवत राहिली. हे कसलं जिंकणं, हे काही त्याला कळेना. कुठल्याच वेबसाइटवर असं लिहिलेलं नव्हतं.

शेवटी मॅनेजरने निघायची खूण केली. परीक्षित उठायला लागला तसा तो हात पुन्हा पुढे आला. या वेळी मूठ मिटलेली होती. काहीतरी देऊ करत असल्यासारखी ती त्याच्यासमोर येऊन थांबली.

वडीलधारं माणूस काही देत असेल तर काय करायचं हे परीक्षितच्या हातांना शिकवावं लागत नव्हतं. देवळात, लग्नात, कुणाच्या घरी निघताना, लहानपणापासून तो तेच करत आला होता. उजवा तळहात पुढे, डावा त्याच्याखाली. आठवडाभर घोकलेला नियम आठवायच्या आत त्याचे हात पुढे झाले होते.

"टेबलवर, जेंटलमेन! टेबलवर ठेवा, प्लीज," लिंझी जोरात म्हणाली.

मूठ त्याच्या तळहातावर उघडली. काहीतरी गार आणि जड ठेवलं गेलं. परीक्षितने रीतीप्रमाणे मूठ मिटली, मान किंचित लववली, आणि मग तो मागे वळला. मागे कोणी नव्हतं. गालिचाचा मोकळा पट्टा आणि त्यापलीकडे रूलेटपाशी ओरडणारा त्याच्या टीममधला हरीश. त्याने मूठ उघडली. तीही रिकामीच होती.

३

हरीशला त्याने बसस्टॉपवर विचारलं, "माझ्या मागे कोण उभं होतं रे?"

"कोणी म्हातारबुवा होते ना. मला वाटलं तुझ्या ओळखीचे," हरीश म्हणाला. त्याचं सगळं लक्ष जिंकलेल्या ड्रिंक कूपनवर होतं.

म्हणजे माणूस होता. परीक्षितला हायसं वाटलं. लिंझीच्या टोकण्याने दचकून म्हातारबुवांनी दिलेलं परत उचललं असेल आणि लगबगीने निघून गेले असतील. गालिच्यावर पावलं ऐकू येत नाहीत, हे तर त्याने स्वतःच पाहिलं होतं.

सोमवारी ऑफिसला जाताना पहिल्यांदा लक्षात आलं. इंग्लंडात पुढचा माणूस मागच्यासाठी दार धरून ठेवतो. परीक्षितला ही पद्धत मनापासून आवडायची. पुढे रिसेप्शनवरची बाई होती. तिने दार धरलं, तो थँक्यू म्हणून आत गेला, आणि ती दार तसंच धरून उभी राहिली. मग कुणीतरी आत गेल्यावर हसावं तसं हसून तिने दार सोडलं.

परीक्षितने मागे बघितलं. कोणी नव्हतं.

दुपारी सँडविचच्या दुकानात तेच. संध्याकाळी बसमध्ये चढताना ड्रायव्हरने दार बंद करायच्या आधी अंमळ थांबून त्याच्यामागे पाहिलं. लिफ्टमध्ये एका गृहस्थांनी तो आत आल्यावरसुद्धा बटण दाबून धरलं, मग भिंतीला टेकून आणखी एकाला जागा करून दिली. लिफ्टमध्ये दोघंच होते.

परीक्षितच्या मनात पाल चुकचुकली. पण तो पडला टेस्टर. एखादी चूक पुन्हापुन्हा दिसली तरी आधी आपल्याच बघण्यात दोष नाही ना हे तपासायचं, हा त्याचा शिरस्ता. इथली माणसं जात्याच सभ्य. दार जरा जास्त वेळ धरत असतील, आपल्याला इतके दिवस कळलं नसेल. एखादी गोष्ट शोधायला लागलं की ती सगळीकडे दिसते. अशी दहा कारणं त्याने स्वतःला दिली. त्यातलं एकही चुकीचं नव्हतं, आणि एकानेही त्याचं समाधान झालं नाही.

स्वरालीला त्याने काही सांगितलं नाही. तिला आधीच झोप लागत नव्हती.

४

लीड्समधल्या मराठी लोकांचं कुठलंही कार्य अनुराधाताईंशिवाय होत नसे. सत्तरी ओलांडलेल्या बाई, तरुणपणी नवऱ्याबरोबर आलेल्या. आता मुलं लांब आणि नवरा देवाघरी, म्हणून दुसऱ्यांच्या मुलींची डोहाळजेवणं हौसेने करायच्या. स्वरालीचंही त्यांनीच केलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, बर्फी की पेढा ओळखायचा खेळ, आणि जेवायला पुरणपोळी.

पुरुषमाणसं आतल्या खोलीत जेवायला बसली. परीक्षितच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. अनुराधाताई वाढत आल्या. परीक्षितला पोळी वाढली, त्यावर तूप घातलं आणि पुढे सरकून रिकाम्या खुर्चीसमोर दुसरं ताट मांडलं. त्यातही पोळी वाढली.

"अनुराधाताई, इथे कोण बसणार आहे?" परीक्षितने विचारलं. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा त्याचा आवाज मोठा निघाला.

"अरे, तुमच्याबरोबर आलेत ना ते?" त्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या. मग त्यांनी डोळे किलकिले केले, चष्मा वर सरकवला आणि जरा वरमल्या. "अगो बाई. माझा मेलीचा मोतीबिंदू! मला वाटलं तुझ्याबरोबर कोणी आलंय. दारात मी दोघांना 'या' म्हटलं की रे."

सगळे हसले. परीक्षितही हसला. ते ताट कुणी उचललं नाही, कार्याच्या घरात वाढलेलं ताट उचलायचं कसं म्हणून ते तसंच राहिलं. जेवताना परीक्षितने त्या बाजूला एकदाही पाहिलं नाही. पण खुर्चीतून गार हवा येत असल्यासारखा त्याचा डावा दंड सबंध वेळ गार पडला होता. खिडकी उघडी असेल, असं तो स्वतःला सांगत राहिला. जेवण झाल्यावर त्याने मुद्दाम जाऊन खिडकी बघितली. ती बंद होती.

आणि हात धुवायला उठताना त्याची नजर त्या ताटाकडे गेलीच. पोळी जशीच्या तशी होती. फक्त तिच्यावरच्या तुपात एक बोट दाबल्याचा ठसा होता.

५

त्यानंतर घरात सुरू झालं.

शनिवारी सकाळी परीक्षित आंघोळ करून बाहेर आला. स्वराली कपडे घडी करत होती. "माझा चहा?" त्याने विचारलं.

"आत्ता तर दिला तुला."

"कुठे?"

"काय रे, हातात दिला की. खिडकीपाशी उभा होतास." ती हसत होती, पण त्याचा चेहरा बघून तिचं हसू ओसरलं. "परी, झोपेत आहेस का तू?"

खिडकीच्या कठड्यावर कप होता. रिकामा. कडेला चहाचा ओघळ अजून ओला होता.

त्याने तिला सांगायचं ठरवलं. खरंच ठरवलं. पण सांगणार काय? लोक माझ्यासाठी दार जरा जास्त वेळ धरतात? नवव्या महिन्यातल्या बायकोला हे सांगितलं तर ती त्याला डॉक्टरकडे नेईल, आणि काळजीने स्वतः खंगेल. आणि समजा सांगितलंच, आणि तिला ते पटलं, तर? ती पुढचे चार आठवडे या घरात कशी काढणार? त्याने तो कप विसळून ठेवला. भीड त्याला आजवर परक्यांचीच वाटायची, आता ती बायकोचीही वाटायला लागली होती.

मग असं रोजच व्हायला लागलं. "मघाशी किती छान बोललास," ती म्हणायची, आणि मघाशी तो दुकानात गेलेला असायचा. "पाय दाबायचा थांबलास का रे?" असं तिने अर्धवट झोपेत विचारलं, तेव्हा तो स्वयंपाकघरात भांडी घासत होता. तो धावत आत गेला. दुपारची वेळ होती, पडदे ओढलेले. ती कुशीवर झोपली होती आणि पलंगाच्या पायथ्याशी गादी खोलगट दबलेली होती. त्याच्या डोळ्यांसमोर गादी हळूहळू वर आली.

त्याने पुढे होऊन गादी चाचपली. मग वाटलं, गादीच जुनी आहे, भाड्याच्या घरातली. स्प्रिंगा उशिरा वर येत असतील. तो स्वतः तिथे बसला, उठला आणि पाहिलं. गादी लगेच वर आली. त्याने पुन्हा बसून पाहिलं.

"काय करतोयस?" स्वरालीने डोळे न उघडता विचारलं. "ये ना. मघासारखा बस."

त्या क्षणी परीक्षितला भीतीपेक्षाही वेगळंच काही वाटलं, आणि त्याची त्याला लाज वाटली. त्याला मत्सर वाटला होता.

६

जे घेतलं ते परत करायचं. सभ्य माणसाला एवढं तर करता येतं. गुरुवारी त्याने ऑफिसात डेंटिस्टची थाप मारली आणि दुपारी तो कॅसिनोत गेला. बाळंतपणाला अजून पंधरा दिवस होते.

टेबलवर लिंझीच होती. शेवटची जागा मोकळी होती. टेबलवर फोन चालत नाही हे त्याला पाठ होतं, म्हणून बसण्याआधी त्याने फोन बंद करून खिशात टाकला.

"आज एकटेच?" लिंझीने सहज विचारलं. "तुमचे मित्र नाही आले?"

परीक्षित मागे वळणार होता, पण तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं. ती त्याच्या खांद्यावरून बघत नव्हती. त्याच्याकडेच बघत होती.

"तुम्हाला दिसत नाहीत ते?"

"कोण?"

"त्या दिवशी माझ्या बॉक्सवर चिप लावत होते ते. ते इथे नेहमी येतात का?"

"मी चेहरे फार बघत नाही, लव्ह," ती इथल्या सवयीने म्हणाली. "दिवसभर हातच बघते."

"त्यांनी मला काय दिलं?"

लिंझीने पत्त्यांवरचे हात थांबवले. शेजारच्या बॉक्सवरचा माणूस नाराजीने हुंकारला. चालू टेबलवर गप्पा मारून डाव अडवायचा नसतो.

"मी ओरडले होते, टेबलवर ठेवा म्हणून," ती हळू आवाजात म्हणाली. "टेबलवर ठेवलं असतं तर तुम्हाला नको म्हणता आलं असतं."

"मग आता परत कसं करू?"

"खेळताय ना, सर?" ती पुन्हा नेहमीच्या आवाजात म्हणाली. तिचा वरिष्ठ जवळ येऊन उभा राहिला होता.

मध्येच उठणं वाईट दिसलं असतं. परीक्षितने चिप ठेवली. त्या डावात तो हरला, पुढचाही हरला. मागून कुणाचा हात आला नाही. हरणं इतकं गोड लागेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. हरत हरत तो दोन-तीन तास तिथेच बसून राहिला, मग टेबलवरच्या सगळ्यांना थँक्यू म्हणाला आणि उठला.

बाहेरच्या दाराशी एक जोडपं निघालं होतं. त्यांनी त्याच्यासाठी दार धरलं, तो बाहेर पडला, आणि दार त्याच्या पाठीशी लगेच धाडकन बंद झालं.

परीक्षितचा जीव भांड्यात पडला. खात्री करायला तो शेजारच्या बेकरीत शिरला. पुढच्या बाईने दार सोडलं ते त्याच्या कोपरावरच आपटलं. किती छान लागलं! मग तो पुस्तकांच्या दुकानात गेला, मग बँकेत, मग पुन्हा बेकरीत. सगळी दारं त्याच्यामागे मुकाट्याने बंद होत होती. लहान मुलासारखा तो रस्त्याने हसत चालला होता. स्वरालीसाठी त्याने दोन क्रीम बन घेतले.

गेलं म्हणजे गेलं कुठे, हा प्रश्न त्याला बसस्टॉपवर पडला.

त्याने फोन चालू केला. स्वरालीचे मिस्ड कॉल एकाखाली एक यायला लागले. मग अनुराधाताईंचा व्हॉइस मेसेज.

"अरे परीक्षित, फोन लागेना रे तुझा! स्वरालीला कळा सुरू झाल्यात, मी तिला हॉस्पिटलला घेऊन चाललेय. सारखं तुझंच नाव घेतेय बघ. लवकर ये."

त्याच्यानंतर त्यांचाच आणखी एक. या वेळी आवाज अगदी निवांत होता.

"आलास ना, बरं झालं बाबा. मघाशी कॉरिडॉरमध्ये दिसलास मला, पण इतक्या घाईने आत गेलास की बोलणंच झालं नाही. आता तू आहेस तिच्याजवळ, तर मी निघते. गुडघे फार दुखताहेत माझे."

७

टॅक्सीतून उतरून तो हॉस्पिटलच्या जिन्यावरून धावत वर गेला. बनची पिशवी अजून त्याच्या हातात होती. वॉर्डाच्या दारावर बेल वाजवायची होती. ती त्याने वाजवली आणि दार उघडण्याची वाट बघितली, कारण तिथे तसं लिहिलं होतं.

बाळंतपणं करणारी एक जाडसर, हसऱ्या चेहऱ्याची मिडवाइफ आली.

"स्वराली केसकर," तो धापा टाकत म्हणाला. "मी तिचा नवरा."

तिचं हसू जागेवरच राहिलं, फक्त डोळ्यांत एक गोंधळ आला. "मिसेस केसकरना मुलगी झाली. दोघीही छान आहेत," ती म्हणाली. "पण तुम्ही जरा बाहेर थांबता का? सध्या फक्त बाळाच्या वडिलांना आत सोडतो आम्ही. ते तिच्याजवळ आहेत."

"मी वडील आहे."

"हो का," ती समजूत घालण्याच्या सुरात म्हणाली. अशी घाबरलेली माणसं तिने पुष्कळ पाहिली असावीत. "तुम्ही कदाचित त्यांचे भाऊ असाल. चेहरा अगदी सारखा आहे. फार चांगला माणूस आहे हो. कळा देताना तिचा हात एकदासुद्धा सोडला नाही त्यांनी. डॉक्टर काय विचारतील त्याला शांतपणे हाताने खूण करत होते, एक शब्द बोलले नाहीत. आणि ती नुसती त्यांच्याकडे बघत होती."

परीक्षितला ओरडायचं होतं. तिला बाजूला ढकलायचं होतं. आयुष्यात त्याने कुणाला ढकललं नव्हतं, आणि आता ते कसं करतात हेच त्याला आठवेना. तो तिला वळसा घालून आत शिरला. "सर!" ती मागून म्हणाली. एका पलंगाभोवती निळा पडदा ओढलेला होता आणि आतून स्वरालीचा आवाज येत होता, थकलेला आणि सुखाने भरून आलेला. असा आवाज त्याने तिच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता.

"तुझ्याच हातात द्यायची होती मला आधी," ती म्हणत होती. "असे हात कर. हां, असेच. सांभाळून, मानेखाली धर."

पडद्याला फट होती. तिच्यातून त्याला काळी बाही दिसली. पुढे केलेला उजवा तळहात, त्याच्याखाली डावा. त्यावर पांढऱ्या कापडात गुंडाळलेली त्याची मुलगी. आणि कापडाच्या कडेवर एक बोट, ज्याचं नख मधोमध उभं चिरलेलं होतं.

"स्वराली!" परीक्षित ओरडला. इतक्या जोरात तो जन्मात ओरडला नव्हता. वॉर्डातली माणसं वळून त्याच्याकडे बघायला लागली.

 मग स्वराली हळूच म्हणाली, आणि ते त्याला उद्देशून नव्हतं.

"परी, बाहेर कोणीतरी मला हाक मारतंय. बघ ना जरा कोण आहे ते."

आत खुर्ची सरकली. कुणीतरी उठलं.